अनामिक, दर सीटमागे

खळदकर शनिवारी येतात,
हेल्मेट काखेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कोटेशनं,
आणि पाणी नको म्हणत अर्धा तांब्या संपवतात.
सहा वर्षांत माझ्या गाडीनं कंपनीकडून
एक रुपया मागितलेला नाही.
"पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे मॅडम तुमचा,"
हे ते अशा आवाजात सांगतात
जणू आमच्या घराण्यात कुणी कधी कोर्टाची पायरी चढलेलं नाही.

केतकीला सोमवारी लायसन्स मिळालं.
भोसरीच्या ट्रॅकवर पहिल्याच खेपेला रिव्हर्समध्ये एच.
मंगळवारी सोसायटीच्या गेटचा खांब.

मी फॉर्म उलटसुलट बघते.
गाडीचं वय विचारलंय: नऊ.
इंजिन नंबर, चासी नंबर, गॅसकिट आहे का.
चालवणाऱ्याचं वय कुठेच नाही.
"अमेरिकेत विचारतात," खळदकर म्हणतात,
त्यांचा मेहुणा आहे तिकडे,
"पोरगं गाडीला लागलं की हप्ता दुप्पट.
आपल्याकडे तसलं काही नाही."
आपल्याकडे तो हप्ता
रात्री साडेनऊनंतर गॅलरीत उभं राहून भरायचा असतो,
धायरी फाट्याकडून येणारा प्रत्येक हेडलाइट
आपला आहे का ते बघत.

पहिला कागद, नुसता थर्ड पार्टी.
स्वस्त. तिनं कुणाला ठोकलं तर त्याचं कंपनी बघेल,
आपलं आपण.
एवढाच सक्तीचा.
कायद्याला परक्या माणसाची काळजी आहे,
घरचं माणूस त्यानं ऐच्छिक ठेवलंय.

दुसरा, फुल. दुपटीहून जास्त.
गाडीची किंमत दोन लाख दहा, गेल्या वर्षी दोन पस्तीस.
झिरो डेप मिळणार नाही, वय झालं,
असं म्हणून ते माझ्याकडे बघतात
आणि घाईनं, "गाडीचं."
तिसऱ्यात इंजिन प्रोटेक्ट आहे, टोइंग आहे,
चावी हरवली तर चावीसुद्धा आहे.

"आणि पंधरा लाखांचा अपघात विमा?"
"तो तुमचा. मालक-चालक. तुम्ही चालवत असाल तर."
"ती चालवत असेल तर?"
खळदकर पेनाचं टोपण लावतात, काढतात.
"तिला वेगळं घ्यावं लागेल.
अनामिक व्यक्ती म्हणून. दर सीटमागे."

अनामिक.
जिच्या नावावरून बाराव्या दिवशी
दोन्ही घरची माणसं जेवणावरून उठली होती.

ती आतून येते, ओल्या केसांची,
खांबाचा हिशेब तिनं स्वतःच करून ठेवलाय:
वडगावचे इनामदार बेचाळीसशे म्हणतात,
दरवाजा ठोकून, रंग मारून.
माझ्याकडे अकराशे आहेत, बाकीचे हळूहळू.
"क्लेम करू नका," खळदकर लगेच,
"एवढ्याशासाठी बोनस घालवाल."
म्हणजे चूक झाली तर झाली, वर कळवायची नाही.
हे मला कुणी न शिकवता येत होतं.
डाव्या बाजूचा जुना पोचा माझा आहे,
कर्वे रोडच्या पिलरचा,
आणि तो पार्किंगमध्ये कुणीतरी मारला
असं मी हिच्या बाबांना सांगितलं होतं.
ते गेले तेव्हाही तसंच समजत होते.

तिसरा कागद.
आणि अनामिक, पाचही सीटमागे.
"पाच कशाला?"
"असू दे."

शेवटच्या पानावर नॉमिनी.
केतकी. नातं, मुलगी. वय.
इथे विचारलंय.
गेल्या वर्षीपर्यंत खाली आणखी एक रेघ भरायचे,
वारस अज्ञान असल्यास पालकाचे नाव,
तिथे माझ्या भावाचं.
ह्या वर्षी अठरा लिहिलं
आणि ती रेघ कोरी राहिली.

"आई, चावी. अकराशे देऊन येते इनामदारांना."
"नवले पुलाकडे वळू नकोस. कंटेनर येतात उतारावरून."
"वडगाव अलीकडे आहे गं."
"मला माहितीये कुठे आहे."

"सही इथे," खळदकर म्हणतात,
"आणि इथे."
खाली गाडी दोनदा बंद पडते,
तिसऱ्यांदा सुरू होते.